न्याय घड्याळासारखा की मैत्रीसारखा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: प्लेटोच्या लेखी न्याय म्हणजे मनाची आणि नगराची घडी नीट बसणं, मिलच्या लेखी लोककल्याणाचं साधन, तर कांटच्या लेखी कशाचंही साधन नसलेली गोष्ट. रॉल्स न्याय्य वाटप कसं असावं ते सांगतो आणि नॉझिक वाटप करायला निघणाऱ्यालाच अन्यायी ठरवतो. ही सगळी तत्त्वज्ञ मंडळी एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का? बोलत असतील, तर बरोबर कोण?

मी आधी काही वर्षं दिवाणी वकिली केली आणि मग बराच काळ कायद्याच्या विद्यार्थ्यांना विधितत्त्वज्ञान शिकवलं. हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. सुरुवातीला मी 'प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे' असं सांगून वेळ मारून नेत असे. त्यात सौजन्य होतं, उत्तर नव्हतं. यातले काही जण एकमेकांशी खरोखर भिडतात. तिथे एकाचं खरं असेल तर दुसऱ्याचं खोटं असणारच. काही जण मात्र एकमेकांच्या शेजारून निघून जातात, कारण त्यांनी हातात घेतलेला प्रश्नच वेगळा असतो.

'न्याय म्हणजे काय' आणि 'न्याय कशासाठी' हे दोन प्रश्न आपण एका दमात विचारतो. घड्याळाच्या बाबतीत तसं चालतं. ते वेळ दाखवण्यासाठी असतं एवढं कळलं की ते काय आहे हेही कळतं, आणि वेळ दाखवत नसेल तर ते अडगळीत जातं. मैत्रीच्या बाबतीत हे चालत नाही. मैत्रीचे फायदे पुष्कळ, पण जो केवळ फायद्यासाठी जवळ येतो त्याला आपण मित्र म्हणत नाही. मग न्याय घड्याळासारखा की मैत्रीसारखा? माझ्या मते न्यायाबद्दलचं सर्वांत जुनं आणि अजून न मिटलेलं भांडण हे आहे.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकातच, ते उघड्यावर येतं. पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस नावाचा वक्ता उसळून म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचं हित. आपल्या भाषेत, बळी तो कान पिळी. फक्त पिळणारा त्याला कायदा म्हणतो. विद्यार्थ्यांना हा माणूस फार आवडतो. मला मात्र दुसऱ्या भागातला ग्लॉकन जास्त अवघड वाटतो, कारण तो चिडत नाही. तो म्हणतो, दुसऱ्यावर अन्याय करणं माणसाला सोयीचं असतं आणि सोसणं नकोसं. पण सोसण्याचा तोटा करण्याच्या फायद्याहून मोठा असल्यामुळे सामान्य माणसं आपसांत ठरवतात: मी करणार नाही, तूही करू नकोस. न्याय म्हणजे ही तडजोड. विश्वास बसत नसेल तर एखाद्याला अदृश्य करणारी अंगठी देऊन बघा. पकडलं जाण्याची भीती गेली की न्यायी आणि अन्यायी एकाच वाटेने जातील. मग तो आव्हान आणखी ताणतो. एक माणूस पुरा अन्यायी, पण जगात नाव कमावलेला. दुसरा पुरा न्यायी, पण बदनाम आणि छळ सोसणारा. यातला दुसराच सुखी आहे, हे सॉक्रेटिसने दाखवावं.

सॉक्रेटिस हे आव्हान स्वीकारतो आणि पुढे जवळजवळ सगळा ग्रंथ त्यात खर्च होतो. त्याचं उत्तर असं की आत्म्याचे तीन भाग असतात: विवेक, तेज (म्हणजे मानापमानाची चीड) आणि वासना. ज्याने त्याने आपापलं काम करावं आणि विवेकाने राज्य करावं, हाच न्याय, नगरातही तसंच. अन्यायी माणसाच्या आत यादवी चाललेली असते, म्हणून तो सुखी असूच शकत नाही. मांडणी देखणी आहे, पण प्रश्न बदलला आहे. ग्लॉकन विचारत होता दुसऱ्याशी कसं वागायचं; उत्तर मिळालं स्वतःच्या आत काय चालतं त्याचं. ज्याची आतली घडी नीट बसली आहे तो दुसऱ्याच्या मालाला हात लावणार नाही, हे सिद्ध कुठे झालं? डेव्हिड सॅक्स या अभ्यासकाने १९६३ मध्ये नेमकं हे बोट ठेवलं आणि प्लेटोचे अभ्यासक अजून त्यावर वाद घालताहेत. तरीही एक गोष्ट प्लेटोच्या बाजूने नोंदवायला हवी. न्याय आपल्या परिणामांसाठीही हवा आणि स्वतःसाठीही हवा, असं दोन्ही एकदम म्हणण्याची हिंमत त्याने केली. नंतरच्या बहुतेकांनी एक बाजू पकडून दुसरी सोडली.

ग्लॉकनची बाजू पुढे हॉब्सने (१६५१) कडक केली: करार मोडणं म्हणजे अन्याय, आणि करार पाळायला लावणारी सत्ता नसेल तर अन्याय हा शब्दच लागू होत नाही. ह्यूमने तीच बाजू बरीच शहाणी केली. त्याचं १७५१ चं विवेचन मला आजही ताजं वाटतं. तो विचारतो, न्यायाची गरज कधी पडते? सगळं मुबलक असतं तर 'माझं-तुझं' हा भेदच उरला नसता. माणसं पूर्णपणे निःस्वार्थी असती, तरीही नसता. उलट जहाज फुटून जीव वाचवायची वेळ आली, तर तिथे मालकीहक्काचा विचार कुणी करत बसत नाही. म्हणजे वस्तू थोड्या अपुऱ्या आणि माणसं थोडी स्वार्थी, या मधल्या पट्ट्यातच न्याय जन्मतो. तो उपयोगापोटी जन्मतो आणि उपयोग संपला की संपतो. शुद्ध घड्याळ.

पण ह्यूम प्रामाणिक असल्यामुळे याचा पुढचा परिणामही लिहून ठेवतो. आपल्यात राहणारे, विचार करू शकणारे, पण प्रतिकार करायला अगदीच दुबळे असे जीव असते, तर त्यांच्याशी आपण दयेने वागायला बांधील असतो, न्यायाने नव्हे. हे वाक्य वाचताना वर्गात शांतता पसरते. न्याय हा एकमेकांच्या फायद्याचा सौदा असेल, तर ज्याच्याकडे सौद्यात द्यायला काहीच नाही तो न्यायाच्या बाहेर पडतो. नेमका तोच, ज्याला न्यायाची सर्वांत जास्त गरज आहे. घड्याळवाद्यांच्या अडचणींमध्ये ही मला सर्वांत मोठी वाटते, आणि तिच्याकडे जितकं लक्ष जायला हवं तितकं जात नाही.

जास्त गाजलेली अडचण दुसरी आहे. बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादात, म्हणजे ज्याने एकूण सुख सर्वांत जास्त वाढतं ते योग्य या मतात, प्रत्येकाचं सुख सारखंच मोजलं जातं, त्यामुळे दुबळे बाहेर पडत नाहीत. मिल १८६१ च्या लेखनात शेवटचं प्रकरण न्यायालाच देतो आणि म्हणतो, न्याय म्हणजे ज्या नियमांवाचून माणसाचं जगणंच सुरक्षित राहणार नाही असे नियम. म्हणून त्यांचं बंधन इतर नियमांहून घट्ट. छान आहे. पण समजा गावात दंगल उसळायच्या बेतात आहे, खरा गुन्हेगार सापडत नाही, आणि एका निरपराध माणसाला फासावर चढवलं तर शेकडो जीव वाचतील. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण ढिसाळ कारभारासाठी वापरतो. इथे ती थंड डोक्याने केलेला हिशेब म्हणून समोर येते. एकूण सुखाचा ताळेबंद मांडणारा 'नको' म्हणेल, पण 'नको'चं कारण 'तो निरपराध आहे' हे नसेल. 'उघडकीला आलं तर विश्वास उडेल' असं काहीतरी असेल. उत्तर बरोबर, कारण चुकीचं. आणि ज्याचं कारण चुकीचं आहे, तो परिस्थिती जराशी बदलली की उत्तरही बदलेल.

कांट दुसऱ्या टोकाला उभा आहे. १७९७ मध्ये तो लिहितो की एखाद्या बेटावरच्या समाजाने एकमताने विसर्जित होऊन जगभर पांगायचं ठरवलं, तरी जाण्याआधी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलीच पाहिजे. तिथे आता जरब बसवायला कुणी उरलेलं नाही, सुधारणा होणार नाही, कुणाचं संरक्षण होणार नाही. तरीही. कारण शिक्षा ही 'कशासाठी' नसते, 'कशाबद्दल' असते. निरपराध माणसाला कांटच्या हाती पूर्ण संरक्षण आहे. माणसाला कधीही नुसतं साधन म्हणून वापरायचं नाही म्हटल्यावर संन्याशाच्या फाशीचा विचारसुद्धा संपतो. पण त्याची किंमत म्हणून ओस पडू घातलेल्या बेटावरची ती फाशी स्वीकारावी लागते. माझ्या अनुभवात या दोन उदाहरणांपुढे बसवलं की बहुतेक माणसांना कळतं की आपण अर्धे मिलचे आणि अर्धे कांटचे आहोत, आणि ते अर्धे भाग एकमेकांत बसत नाहीत.

यातून वाट काढण्याचा मला पटलेला प्रयत्न १९५० च्या दशकातला आहे. रॉल्सने १९५५ च्या एका लेखात म्हटलं की एखादी प्रथाच का असावी, हा एक प्रश्न, आणि त्या प्रथेत एखादी कृती का करावी, हा दुसरा. कायदे करणारा पुढे बघतो, न्यायाधीश मागे बघतो. हार्ट या विधितत्त्वज्ञाने १९५९ मध्ये शिक्षेबद्दल हेच अधिक नेमकं केलं: शिक्षेची व्यवस्था असावी ती गुन्हे कमी व्हावेत म्हणून, पण प्रत्यक्ष शिक्षा मात्र गुन्हा केलेल्यालाच. हेतू मिलचा, मर्यादा कांटची. ही नुसती मधली जागा नाही. एकाच गोष्टीला हेतूही असू शकतो आणि त्या हेतूला न जुमानणारी कुंपणंही असू शकतात, असा तो दावा आहे. ती कुंपणं कुठून आली, याचं उत्तर मात्र हार्टला पुरतं देता आलं असं मला वाटत नाही.

आता वाटपाकडे. इथे आपली भाषा कामाला येते. 'त्याच न्यायाने' असं आपण सहज म्हणतो: त्याला सूट दिली, तर त्याच न्यायाने मलाही द्या. इथे न्याय म्हणजे तर्क, नियम. काकतालीय न्यायातलाही तोच. सारख्याला सारखं, हा न्यायाचा किमान सांगाडा या दोन शब्दांत मावतो, आणि त्यावर ॲरिस्टॉटलपासून आजपर्यंत कुणाचं दुमत नाही. भांडण आहे ते सारखं कुणाला म्हणायचं यावर. ॲरिस्टॉटल म्हणतो, वाटप लायकीच्या प्रमाणात व्हावं हे सगळ्यांना मान्य असतं. पण लोकशाहीवाला स्वतंत्र नागरिक असणं हीच लायकी मानतो, श्रीमंतांचा पक्ष संपत्तीला आणि कुलीनांचा पक्ष कुळाला. त्याचं स्वतःचं उत्तर असं की वस्तू ज्यासाठी आहे ते पाहा; उत्तम बासरी उत्तम वाजवणाऱ्याला द्यावी, घराण्याला नव्हे.

वाटपापासून वेगळा काढलेला ॲरिस्टॉटलचा दुसरा प्रकार म्हणजे बिघडलेलं सरळ करणारा न्याय. तिथे माणूस चांगला की वाईट हे बघायचं नाही. एकाने जेवढं घेतलं तेवढं परत करवायचं. दिवाणी दावे चालतात ते याच हिशेबावर. माझ्या एका अशिलाला मागितलेली सगळी नुकसानभरपाई मिळाली, तडजोडीत, समोरच्याने चूक कबूल न करता. मी खुशीत होतो. तो धनादेश हातात धरून मला म्हणाला, "साहेब, पैशांचं झालं. न्यायाचं काय?" तेव्हा मी त्याला व्यवहार समजावून सांगितला. आज वाटतं, त्याचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा बरा होता. बेरीज-वजाबाकी जुळली तरी 'तुझ्यावर अन्याय झाला' हे कुणीतरी तोंडाने म्हणणं हा न्यायाचाच भाग असू शकतो, आणि ते ॲरिस्टॉटलच्या अंकगणितात बसत नाही.

रॉल्सच्या १९७१ च्या ग्रंथाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी गाभाच सांगतो. समाजाचे नियम ठरवायला बसलेल्यांना आपण कोण आहोत हेच माहीत नाही असं समजा: श्रीमंत की गरीब, हुशार की मंद, कोणत्या धर्माचे. या अज्ञानाच्या पडद्याआड, रॉल्स म्हणतो, माणसं आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्यं मागतील. मग संधीची खरी समानता. आणि विषमता ठेवलीच तर सर्वांत तळाच्या माणसाचं तिच्यामुळे भलं होत असेल तरच. त्याचा उपयुक्ततावादावरचा आक्षेप एका ओळीचा आहे: तो माणसामाणसांतलं वेगळेपण गंभीरपणे घेत नाही. माझा तोटा तुझ्या फायद्याने भरून निघत नाही, कारण आपण दोघं आहोत.

पडद्यामागे माणसं खरंच हेच निवडतील का? हरसान्यी या अर्थशास्त्रज्ञाचं मत होतं की नाही, ती सरासरी जास्तीत जास्त होईल तेच निवडतील. फ्रोलिक आणि ओपनहायमर या दोन संशोधकांनी छोट्या गटांना प्रत्यक्ष बसवून प्रयोग केले आणि ते १९९२ मध्ये पुस्तकरूपाने मांडले. बहुतेक गटांनी दोघांनाही बाजूला ठेवलं: तळाला एक हमीची पातळी ठेवा, मग सरासरी वाढवा. वर्गात मी हा खेळ खेळवतो तेव्हाही साधारण हेच होतं. अर्थात लोक काय निवडतात यावरून काय न्याय्य आहे ते ठरत नाही. पण रॉल्सचा युक्तिवादच निवडीवर उभा असल्याने ही टोचणी त्याला लागते.

नॉझिक हा हार्वर्डमध्ये रॉल्सचाच सहकारी. १९७४ मध्ये त्याने माणसांच्या वेगळेपणाचं तेच सूत्र उचललं आणि रॉल्सवरच उलटवलं. माणसं वेगळी असतील तर माझ्या श्रमाचं फळ समाजाच्या सामाईक ढिगात कसं जातं? त्याचं उदाहरण बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं आहे. तुम्हाला आवडेल त्या न्याय्य वाटपापासून सुरुवात करा. मग १० लाख प्रेक्षक खुशीने प्रत्येकी २५ सेंट त्याला खेळताना बघण्यासाठी देतात आणि त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. वाटप बदललं, अन्याय कोणत्या क्षणी झाला? तो म्हणतो, ताटात किती आहे ते बघू नका, ते तिथे कसं आलं ते बघा: मिळवणं न्याय्य, देणं-घेणं न्याय्य, तर निकालही न्याय्य.

हा युक्तिवाद हसून सोडून देणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नसतो. आणि तो झेंड्यासारखा मिरवणाऱ्यांनी नॉझिकचं तिसरं तत्त्व वाचलेलं नसतं. जिथे मूळ मिळकतच लुबाडणुकीची असेल तिथे दुरुस्ती करावी लागते, आणि ती दुरुस्ती इतकी मोठी असू शकते की काही काळ अधिक व्यापक राज्यसंस्था लागेल, असं तो स्वतः मान्य करतो. जगातल्या किती मालमत्तांचा इतिहास स्वच्छ निघेल? तिथे नॉझिकचा सिद्धांत त्याच्या चाहत्यांना नको असलेल्या दिशेने वळतो.

अमर्त्य सेन यांनी २००९ मध्ये बासरी पुन्हा आणली. तीन मुलं एका बासरीसाठी भांडताहेत: एकीला ती वाजवता येते, एकाकडे दुसरं खेळणंच नाही, तिसरीने ती स्वतः बनवली आहे. तिघांचीही कारणं खरी, आणि निर्मळ मनाचे परीक्षकसुद्धा वेगवेगळा निकाल देतील. सेन यांचं म्हणणं, परिपूर्ण न्याय्य समाजाचं चित्र एकमताने काढता येत नाही आणि काढायची गरजही नाही; समोरच्या दोन पर्यायांत कमी अन्याय्य कोणता एवढं पुष्कळदा ठरवता येतं. दगडापेक्षा वीट मऊ हे सांगायला सर्वांत मऊ वस्तू कोणती हे ठाऊक असावं लागत नाही. नियम आणि संस्थांची चोख मांडणी ती नीती, माणसांच्या वाट्याला प्रत्यक्ष येतं तो न्याय, असा जुन्या शब्दांतला भेद ते यासाठी वापरतात.

माझा कल बऱ्याच अंशी इकडे आहे, पण त्याहून थोडा जास्त ज्युडिथ श्क्लार या राजकीय विचारवंत बाईंकडे. १९९० मध्ये त्यांनी तक्रार केली की तत्त्वज्ञ न्यायावर ग्रंथ लिहितात आणि अन्याय म्हणजे फक्त त्याचा अभाव असं धरून चालतात. त्यांचा प्रश्न असा: दुर्दैव कुठे संपतं आणि अन्याय कुठे सुरू होतो? भूकंप हे दुर्दैव. पण इमारती कच्च्या का बांधल्या, मदत उशिरा का आली, हे विचारलं की दुर्दैव अन्यायात बदलू लागतं. ही रेषा कोण ओढतं यावर सगळं अवलंबून असतं, आणि ती बहुधा सोसणारा ओढत नाही. माझ्या त्या अशिलाने नेमकी हीच रेषा ओढायचा हक्क मागितला होता.

मग अन्यायाची हाक ऐकूनच सुरुवात करू, सिद्धांत हवेत कशाला? इथे मला थांबावं लागतं, आणि थांबवतात ते आंबेडकर. श्रेणीबद्ध विषमतेबद्दल त्यांनी दाखवलं की जिथे प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते, तिथे खालच्यालाही व्यवस्था टिकवण्यात थोडा फायदा असतो, म्हणून सगळे मिळून तिच्याविरुद्ध उठत नाहीत. म्हणजे अन्याय असूनही हाक येतच नाही, किंवा अर्धीच येते. हाक आली तरच अन्याय, असं धरलं तर सर्वांत मुरलेला अन्याय नजरेतून सुटतो. तो दिसायला काहीतरी मोजपट्टी लागतेच, मग ती रॉल्सची असो किंवा स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आंबेडकरांची स्वतःची.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. थ्रॅसिमॅकस चूक आहे असं मी धरतो. 'हा कायदा अन्याय्य आहे' हे वाक्य सगळ्यांना कळतं, आणि त्याचं म्हणणं खरं असतं तर ते निरर्थक ठरलं असतं. मिल आणि कांट खरोखर भिडतात. तिथे मी हेतू मिलचा आणि कुंपण कांटचं घेतो, आणि त्या कुंपणाचा पाया अजून शोधतो आहे. रॉल्स आणि नॉझिक यांचं भांडण अर्धं खरं आहे: हुशारी ही नशिबाने मिळालेली गोष्ट तिच्या मालकाची, की तिच्या फळांवर सगळ्यांचाही हक्क, यावर ते भिडतात, बाकी एक संस्थांबद्दल बोलतो आणि दुसरा देवघेवीबद्दल. प्लेटो आणि रॉल्स तर भिडतच नाहीत.

वाचायला घेणार असाल तर 'रिपब्लिक'चे पहिले दोन भाग एका बैठकीत वाचा आणि तिथेच पुस्तक मिटा. ग्लॉकनला स्वतःचं उत्तर लिहून काढा, मगच तिसरा भाग उघडा.